उपाशीपोटी किती?

सोलापुरात भाड्यानं जागा बघायला गेलं की घरमालक आधी नोकरीचं खातं विचारतो, मग आडनाव विचारतो आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर मटण खाता का, ते विचारतो. जुळे सोलापूर या भागातल्या आमच्या घरमालकांनी मला पायरीवरच अडवून विचारलं, "शुगर हाय का?"

मी म्हटलं, "आहे. चारच महिने झालेत."

"उपाशीपोटी किती?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"या आत," ते म्हणाले आणि बाकी काही विचारलंच नाही. पाणी चार दिवसांनी येतं, गच्चीत वाळवण असलं की वर पाय ठेवायचा नाही, हे सगळं नंतर त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. रोगाच्या जोरावर जागा मिळवलेला मी जिल्ह्यातला एकमेव भाडेकरू असेन. बायको-मुलं सांगलीला, मी इथं बदलीवर, आणि खाली हे काका.

काका एसटीत चेकर होते. आधी कंडक्टर, मग चेकर, अशी एकूण एकतीस वर्षं. रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती, पण तपासणी काही सुटली नव्हती. लग्नाला गेले तर मांडवाच्या दाराशी खुर्ची घेऊन बसायचे आणि बिनआमंत्रणाचा कोण ते जेवणाआधी ओळखून दाखवायचे. मी विचारलं, कसं ओळखता? तर म्हणाले, "सोपं हाय की. विनातिकीट माणूस खिडकीबाहेर बगतंय, पन गुडघे दाराकडं असत्यात." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बसताना गुडघे सांभाळून बसायला लागलो.

त्यांच्या अंगात शुगर अठरा वर्षांपासून होती. पण मुलानं पुण्याहून ते बोटातून रक्त घेऊन आकडा सांगणारं मशीन पाठवलं, तेव्हापासून ते पुन्हा ड्युटीवर हजर झाल्यासारखे झाले. कंडक्टरच्या वेळची चामड्याची बॅग त्यांनी माळ्यावरून काढली, तिला तेल लावलं आणि तिच्यात मशीन, पट्ट्यांची डबी, सुया आणि कापूस असा सरंजाम ठेवला. रोज पहाटे साडेपाचला बॅग गळ्यात अडकवून ते कट्ट्यावर बसत. आधी स्वतःचं बोट, मग माझं, मग जो सापडेल त्याचं. सुई मात्र प्रत्येकाला नवी, त्या बाबतीत माणूस चोख होता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माणूस खोटं बोलतंय, आकडा न्हाय."

या वाक्याचा मला प्रसाद मिळाला तो ऑफिसातल्या एका निरोप समारंभानंतर. सकाळी माझा आकडा आला एकशे शहाऐंशी. काकांनी मशीन माझ्या तोंडासमोर धरलं.

"कालच्यापेक्षा चाळीस पॅसेंजर जादा हाईत. कुटनं चढले?"

"काही नाही काका, झोप नीट झाली नाही."

ते माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. गुडघे जिन्याकडं होते.

"जिलेबी होती," मी म्हटलं.

"किती?"

"दोन."

ते नुसते बघत राहिले.

"पाच," मी म्हटलं. "आणि रबडी."

"लिवून द्या," ते म्हणाले. आणि मी, वय वर्षं त्रेचाळीस, शासकीय नोकर, पहाटे पावणेसहाला बनियनवर बसून 'मी काल रात्री साडेनऊ वाजता पाच जिलेब्या खाल्ल्या' असं कागदावर लिहून खाली सही केली. तो कागद त्यांनी बॅगेत ठेवला. आजही कुठंतरी असेल.

खरं तर आकडासुद्धा फसवतो, हे त्यांना एकदा समोर दिसलं होतं. आमचा दूधवाला, तिशीचा दणकट गडी, त्याला कसलाच आजार नव्हता. एके दिवशी काकांनी गंमत म्हणून त्याचं बोट टोचलं आणि मशीननं तीनशे चाळीस दाखवलं. काकांनी किटलीसकट त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं नर्सनं त्याला आधी साबणानं हात धुवायला लावले, मग तपासलं. ब्याण्णव! पहाटे म्हशीला हातानं गूळ चारून तो तसाच धारा काढायला बसला होता आणि तिथून थेट आमच्याकडं. त्या दिवशी अर्ध्या कॉलनीला कोरा चहा प्यावा लागला. मी काकांना म्हटलं, "बघा, आकडा चुकला की नाही?"

"आकडा बराबर हाय," काका म्हणाले. "त्याचं बोट खोटं होतं."

आता अशा माणसाशी वाद कोण घालणार? मी घातला नाही आणि तिथंच चुकलं.

कारण त्या उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचाच आकडा बिघडला. रात्री झोपताना एकशे तीस, एकशे पस्तीस, आणि पहाटे उठून बघावं तर एकशे ऐंशी. रोज. दुपारचा ठीक, संध्याकाळचा ठीक, फक्त पहाटेचाच उंडारायचा. मधे पोटात पाण्याचा थेंब सोडून काही नाही. काका चक्रावले. जेवलं की साखर वाढते, हे त्यांना मान्य होतं. पण न जेवता वाढते म्हणजे काय?

"साडेसातला जेवलो. धाला झोपलो. मधी थांबा न्हाय, स्टँड न्हाय. मग हे पन्नास जण गाडीत आले कुटनं?"

आधी त्यांनी रात्रीची एक भाकरी कमी केली. आकडा हलला नाही. मग जेवण साडेसहावर आणलं. मग भाकरी बंद करून नुसती काकडी आणि शेंगाचटणी. काकू ज्वारीची भाकरी पापडासारखी कडक आणि पातळ करायच्या, ती समोर दिसत असताना काकडी खायची म्हणजे शिक्षाच. तरी पहाटे एकशे ब्याऐंशी. त्यात काकांनी कुणाला न विचारता रात्रीची शुगरची एक गोळी दीड केली. हे मला पुष्कळ नंतर कळलं, नाहीतर मीच त्यांना रिक्षात घातलं असतं.

चेकरच्या हिशेबात एकच गोष्ट उरत होती. गाडीत माणसं जास्त आहेत आणि थांब्यावर कुणी चढलेलं नाही, तर आतलंच कुणीतरी सामील आहे. आता घरात आत होतं कोण? काकू.

काकू वळसंगच्या. अंगानं लहानखुऱ्या, बोलणं कमी आणि हसताना तोंडावर पदर. आमटीत गुळाचा एक खडा टाकायची त्यांना माहेरची सवय होती, ती शुगर निघाल्यावर अठरा वर्षांपूर्वीच त्यांनी सोडली होती. काकांना मात्र तो खडा आठवला. दुसऱ्या दिवशी मी भाडं द्यायला खाली गेलो तर साखरेच्या डब्याला, गुळाच्या डब्याला, अगदी फ्रिजच्या दारालाही कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या आणि प्रत्येक पट्टीवर काकांची सही आणि वेळ.

काकूंनी आधी थट्टेवारी नेलं. "आमच्या सैपाकघराला सील लागलंय बगा," मला म्हणाल्या. "पावन्याला चा करायचा म्हंजे सायबाला हाक मारायची, सायेब येनार, सील फोडनार, दोन चमचे काडून देनार, परत सील."

पण पट्टीवर भागेना. काका आमटीला उकळी फुटली की मागच्या दारानं आत यायचे आणि पळीनं चव बघायचे. काकू पूजेला बसल्या की फडताळ उघडून बघायचे. एका सकाळी आकडा दोनशेच्या घरात गेला. मी कट्ट्यावर बोटाला कापूस लावून बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या. काका त्यांना म्हणाले, "खरं सांग. आमटीत काय घालतीस?"

काकूंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"चाळीस वर्सं तुमच्या घरात विनातिकीट ऱ्हायले का वो मी?"

काका मशीनकडंच बघत होते. "आकडा खोटं बोलत न्हाय," म्हणाले.

दुपारच्या गाडीनं काकू वळसंगला भावाकडं गेल्या. जाताना मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "सायेब, त्या पट्ट्या हाईत तवर मी ह्या घरात येनार न्हाय. त्यास्नी सांगू नका. त्यांचं त्यांस्नी कळू दे." त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज तर रोजच्यासारखाच होता. म्हणूनच मी घाबरलो. मला त्या दिवशी काकांचा भयंकर राग आला, हेही सांगून टाकतो. बायकोला पोलिसी खाक्या दाखवणाऱ्या माणसाच्या घरात आपण का राहतोय, असं वाटून मी दोन ठिकाणी जागासुद्धा बघून आलो. दोन्हीकडं मटणाचं विचारलं.

काका पहिले दोन दिवस ताठ होते. संशयित इसम गावाला गेला, आता आकडा खाली येणारच, या आनंदात ते माझ्या खानावळीच्या डब्यातली बिनगुळाची, बिनचवीची आमटी खात होते. तिसऱ्या पहाटे मशीननं एकशे शहाण्णव दाखवलं. चौथ्या पहाटे एकशे एक्क्याण्णव. काका कट्ट्यावर बसून राहिले. दूधवाला येऊन गेला तरी त्यांनी बोट मागितलं नाही.

"काय झालं काका?"

"चोर गावाला गेलाय," ते म्हणाले, "आन् चोरी चालूच हाय."

मग त्यांनी हळूच माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. तुमच्या स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडं नाही. चला डॉक्टरांकडं."

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, काकांच्या मुलीच्या वयाच्या. काकांनी त्यांना सगळी केस सांगितली, साक्षीपुराव्यासकट. बाईंनी गोळीचं विचारलं, तेव्हा काकांचे गुडघे दाराकडं वळले. दीड गोळीचं तिथंच बाहेर पडलं आणि बाईंनी त्यांना असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट गप्प झाले. मग त्या शांत होऊन म्हणाल्या, "काका, साखर फक्त ताटातनं येत नाही. लिव्हरमध्ये शरीरानं साखर साठवून ठेवलेली असते. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा लिव्हर त्यातली थोडी रक्तात सोडतं. सगळ्यांचंच सोडतं. यांचं, माझं. ज्याचं इन्सुलिन पुरं पडतं त्याला ते कळतही नाही. तुमचं पुरं पडत नाही, म्हणून सकाळी आकडा चढलेला दिसतो. उपाशी राहून ते थांबत नाही."

"कुनी काय न खाता?"

"कुणी काय न खाता. पण गोळी जास्त झाली तर मध्यरात्री साखर फार उतरते आणि मग उलटून वर येते, असंही होतं कधी कधी. ते आहे की हे, ते बघायला लागेल. गोळी पहिल्यासारखी एकच घ्या, नीट जेवा, आणि तीन रात्री तीन वाजता तपासून मला आकडे सांगा. सत्तरच्या खाली आला तर लगेच साखर खायची आणि मला फोन करायचा."

तीन वाजता! काकांचा चेहरा उजळला. मधल्याच थांब्यावर गाडी अडवून चढायचं, हा तर त्यांचा जन्माचा धंदा. फक्त सील फोडून साखरेची वाटी उशाशी ठेवायला लागली, तेवढं त्यांच्या जिवावर आलं.

पहिल्या रात्री तीनला एकशे सव्वीस. साडेपाचला एकशे ऐंशी. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री काका तीननंतर झोपलेच नाहीत. सोफ्यावर पाय सोडून, हात मांडीवर ठेवून, स्वतःवर पहारा देत बसले. मलाही बसवलं, साक्षीदार म्हणून. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. बाहेर एक कुत्रं भुंकून थांबलं. साडेपाचला मशीन लावलं, एकशे अठ्ठ्याहत्तर.

काकांनी मशीन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मुक्कामाची गाडी."

"काय?"

"मुक्कामाची गाडी वो. रातच्याला खेड्यात जाऊन हुबी ऱ्हाती. समदी उतरत्यात, गाडी रिकामी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपत्यात. पाटं उटून बगतंय तर गाडी निम्मी भरल्याली. कुटनं आली मान्सं? कुटनं यायची! गावचीच की. तालुक्याला जायचं असतंय, जागा धरून बसत्यात. त्यात कंडक्टरची चोरी न्हाय, कुनाची न्हाय." ते थांबले. "मी कंडक्टर असताना धा वर्सं मुक्कामाची गाडी केली. मला हे कळाया पायजे होतं."

उजाडलं तेव्हा ते स्वयंपाकघरात गेले. मी दारातून बघितलं. ओल्या फडक्यानं घासून घासून ते एकेक पट्टी काढत होते. डिंक चांगला होता, लवकर निघेना. फ्रिजवरची पट्टी त्यांनी नखानं खरवडली. मदतीला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्या वेळी माझा राग कुठल्या कुठं गेला. मला तो माणूस आवडत होता, आणि ते मला इतक्या उशिरा आणि इतक्या फालतू प्रसंगी कळलं.

वळसंगला मला बरोबर नेलं ते कशाला, तर डॉक्टरीणबाईचं म्हणणं शुद्ध भाषेत सांगायला. काकू भावाच्या ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. काका जोत्यावर बसले आणि त्यांनी सुरुवात केली. लिव्हर झालं, इन्सुलिन झालं, तीन रात्रींचे आकडे झाले, मुक्कामाची गाडी तर दोनदा झाली. काकूंचा भाऊ मधूनमधून "व्हय, व्हय" करत होता. सूप चालूच होतं.

काका संपले तेव्हा काकूंनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माजी चूक न्हवती, हे तुमास्नी तीन रात्री जागून कळालं."

"व्हय."

"आन् चाळीस वर्सं माज्यासंगं काडून न्हाय कळालं."

या वेळी भावानं "व्हय" म्हटलं नाही. एकतीस वर्षांत काकांनी कुणाची माफी मागितली नसेल, ती कशी मागतात तेच त्यांना ठाऊक नव्हतं. मान खाली, आणि हात गळ्यातल्या त्या बॅगेवर.

"पट्ट्या काडल्या," शेवटी म्हणाले. "समद्या."

"काडनारच की. मी येते," काकू म्हणाल्या. "पन ती बॅग माज्याजवळ ऱ्हानार. सकाळी बोट मी टोचनार, आकडा मी बगनार, डॉक्टरीनबाईला मी कळवनार. तुमी इचारायचं न्हाय."

"मग मला कसं कळनार?"

"मी बरं हाय म्हनलं की बरं. जास्त हाय म्हनलं की जास्त. माज्या शब्दावर ऱ्हायचं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी तुरीकडं बघत राहिलो. मग त्यांनी बॅगेचा पट्टा गळ्यातून काढला. टोपीत अडकला, तो सोडवला, आणि बॅग सुपाशेजारी ठेवली.

बाईंनी औषध बदललं, जेवणानंतर दोघांना चालायला सांगितलं. रोज पहाटे मी वरून बघायचो. काका कट्ट्यावर बसून हात पुढं करायचे आणि तोंड रस्त्याकडं. काकू टोचायच्या, चष्मा लावून आकडा बघायच्या, मशीन बंद करायच्या. "बरं हाय." नाहीतर "जरा जास्त हाय, संध्याकाळी दोन चकरा वाढवा." पहिल्या महिन्यात काकांनी मला पाच-सहा वेळा गाठलं, "तुमास्नी सांगितलं असंल की तिनं." मी सांगितलं नाही, कारण मलाही माहीत नसायचं. पुढं त्यांनी विचारणं सोडलं. आता ते उगीच इकडची तिकडची कामं काढून माझ्याकडं येत, पाण्याची वेळ सांगत, बसून राहत.

पावसाळा संपता संपता काकू भाचीच्या लग्नाला दोन दिवस अक्कलकोटला गेल्या. जाताना बॅग माझ्या हवाली केली. "तुमी टोचा. मला फोनवर सांगा. त्यास्नी निस्तं बरं का जास्त, येवडंच."

दुसऱ्या पहाटे काका वर आले. खुर्चीवर बसले, साबणानं धुतलेला हात पुढं केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं. मी टोचलं. पट्टीला थेंब लागला. मशीन पाच सेकंद घेतं, ते मी स्वतःचाच निकाल लागत असल्यासारखे मोजले.

एकशे नऊ.

ओळख झाल्यापासून त्यांचा असा आकडा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनीही पाहिला नसेल. मला ओरडावंसं वाटत होतं. मशीन माझ्या हातात उघडं होतं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि मान जराशी वळवली असती तरी दिसलं असतं. ते कॅलेंडरवरची एकादशी वाचत होते.

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं," काका म्हणाले. बोटाला कापूस दाबला, आणि चहा टाकायला खाली गेले.